कालच्या होमरनसाठी उद्याचे पैसे

मेजर लीग बेसबॉलमध्ये चेंडू थेट कुंपणापार धाडणाऱ्या ताकदवान फलंदाजाला ‘स्लगर’ म्हणतात. अशा फटक्यावर, म्हणजे होमरनवर, सामने फिरतात आणि तिकिटेही खपतात. त्यामुळे नावाजलेला स्लगर करारातून मोकळा झाला की त्याच्यासाठी संघांची बोली लागते. तो बहुधा तिशीच्या उंबरठ्यावर असतो आणि त्याला आठ-दहा वर्षांचा, कोट्यवधी डॉलरचा करार हवा असतो. असा करार संपेपर्यंत खेळाडू चाळिशीला टेकलेला असतो. पैशाचा हप्ता तोवर कमी होत नाही, अनेकदा वाढतच जातो. फटक्यातली ताकद मात्र दरवर्षी ओसरत असते. गेल्या दोन-अडीच दशकांत अशा करारांनी अनेक श्रीमंत संघांना जेरीस आणले आहे, आणि तरीही नवे करार होतच असतात. या व्यवहाराची मुळे लीगच्या नियमांत, माणसाच्या शरीरात आणि संघमालकांच्या हिशेबात आहेत.

न मोडणारा करार

मेजर लीगमधील करार हमीचा असतो. खेळाडूचा खेळ खालावला, तो जायबंदी झाला किंवा संघाला तो नकोसा झाला, तरी ठरलेली रक्कम शेवटच्या डॉलरपर्यंत द्यावी लागते. अमेरिकन फुटबॉलमध्ये कराराचा बराचसा भाग विनाहमीचा असतो आणि खेळाडूला काढून टाकून पैसे वाचवता येतात. बेसबॉलमध्ये ती सोय नाही. भारतीय वाचकाला परिचित असलेल्या आयपीएलमध्ये लिलावातील किंमत एका हंगामाची असते आणि काही वर्षांनी मोठा लिलाव होऊन संघ नव्याने बांधले जातात. एखादी बोली फसली तरी तिचा फटका दहा वर्षे बसत नाही. बेसबॉलमध्ये तो बसतो.

या पद्धतीला इतिहास आहे. १९७५ पर्यंत प्रत्येक करारात एक राखीव कलम असे. त्याच्या जोरावर करार संपला तरी खेळाडूवर संघाचा हक्क कायम राही. २३ डिसेंबर १९७५ रोजी पीटर साइट्झ या लवादाने अँडी मेसरस्मिथ आणि डेव्ह मॅकनॅली या दोन गोलंदाजांच्या बाजूने निकाल दिला आणि ही पकड सुटली. पुढे संघमालक आणि खेळाडूंची संघटना यांच्यात तडजोड झाली: मेजर लीगमध्ये सहा वर्षे सेवा झाल्यावर खेळाडू ‘फ्री एजंट’ होईल आणि कोणत्याही संघाशी सौदा करू शकेल.

आजच्या अडचणीचे बीज या सहा वर्षांच्या अटीत आहे. खेळाडू साधारण तेविसाव्या ते पंचविसाव्या वर्षी मेजर लीगमध्ये येतो. पहिली सुमारे तीन वर्षे त्याला किमान वेतनाच्या आसपासच पैसे मिळतात. २०२५ मध्ये हे किमान वेतन ७ लाख ६० हजार डॉलर होते. पुढची तीन वर्षे वेतन लवादाच्या चौकटीत ठरते, तेही खुल्या बाजारापेक्षा कमीच. म्हणजे शरीर ऐन भरात असते तेव्हा खेळाडू स्वस्तात खेळतो आणि खरी किंमत मागण्याचा हक्क मिळेपर्यंत तिशी समोर येते. त्या वेळी त्याचा एजंट टेबलावर जी आकडेवारी ठेवतो, ती मागच्या वर्षांची असते. संघ मात्र विकत घेत असतो ती पुढची वर्षे.

वय आणि फटका

पिचरच्या (गोलंदाजाच्या) उभे राहण्याच्या जागेपासून फलंदाजापुढच्या होमप्लेटपर्यंतचे अंतर ६० फूट ६ इंच, म्हणजे सुमारे १८.४ मीटर असते. ताशी १५३ किलोमीटर वेगाने सुटलेला चेंडू फलंदाजापर्यंत यायला सेकंदाचे जेमतेम चार दशांश लागतात. त्यातला निम्म्याहून अधिक वेळ चेंडू ओळखण्यात आणि मारायचा की सोडायचा हे ठरवण्यात जातो. उरलेल्या वेळात बॅट फिरवावी लागते. या हिशेबात सेकंदाचा शंभरावा भागही महाग असतो. बॅटचा वेग किंचित घटला की फलंदाजाला निर्णय आधी घ्यावा लागतो. निर्णय आधी घेतला की वळणारे आणि बुडणारे चेंडू फसवू लागतात. पूर्वी कुंपणापार जाणारा चेंडू आता सीमेअलीकडे झेलला जातो किंवा चुकतोच.

बेसबॉलच्या आकडेवारीचे अभ्यासक बिल जेम्स यांनी १९८० च्या दशकाच्या सुरुवातीलाच दाखवून दिले होते, की फलंदाजाचा सर्वोत्तम काळ सत्ताविसाव्या वर्षाच्या आसपास असतो. त्याआधी तो तिशीच्या आसपास येतो अशी सर्वसाधारण समजूत होती. नंतरच्या अभ्यासांत एक-दोन वर्षे इकडे-तिकडे झाली, पण उताराची दिशा बदलली नाही. सगळी कौशल्ये एकाच वेगाने मात्र उतरत नाहीत. पायातला वेग आणि क्षेत्ररक्षण आधी ढासळते. ताकद विशीच्या अखेरपर्यंत टिकते. वाईट चेंडू सोडून फुकट बेस मिळवण्याची नजर त्याहून पुढेही साथ देते.

जेम्स यांनी आणखी एक निरीक्षण नोंदवले. काही खेळाडूंकडे तरुणपणीच ‘म्हाताऱ्या खेळाडूची कौशल्ये’ असतात: ताकद भरपूर, चेंडू सोडण्याची समज चांगली, पण पाय जड आणि क्षेत्ररक्षण बेताचे. असे खेळाडू लवकर उतरणीला लागतात. कारण सोपे आहे. चपळ खेळाडूची ताकद गेली तरी त्याच्याकडे धावणे आणि क्षेत्ररक्षण उरते. नुसत्या ताकदीवर उभा असलेला खेळाडू ती गेली की संघाच्या कामाचा राहत नाही. लीगमधले बरेच नामांकित स्लगर याच दुसऱ्या जातकुळीतले असतात आणि फर्स्ट बेस या तुलनेने कमी धावपळीच्या जागी खेळतात. तिथेही जमेनासे झाले की उरतो ‘डेझिग्नेटेड हिटर’ हा पर्याय, म्हणजे क्षेत्ररक्षण न करता फक्त फलंदाजी करणारा खेळाडू. मेजर लीगच्या दोन विभागांपैकी अमेरिकन लीगमध्ये हा नियम १९७३ पासून आहे, नॅशनल लीगने तो कायमचा स्वीकारला २०२२ मध्ये. मधल्या काळात वयस्क स्लगरला दहा वर्षांचा करार देणे अमेरिकन लीगच्या संघांना तुलनेने सोपे वाटे, त्यामागे हे एक कारण होते.

संघांचा अंदाज चुकण्यामागे इतिहासातला एक विचित्र कालखंडही आहे. १९९० च्या दशकाच्या उत्तरार्धात आणि २००० च्या सुरुवातीला पस्तिशी उलटलेले फलंदाज होमरनचा पाऊस पाडत होते. बॅरी बाँड्सने २००१ मध्ये एका हंगामात ७३ होमरन मारण्याचा विक्रम केला, त्याच हंगामात तो ३७ वर्षांचा झाला. त्या काळावर उत्तेजक द्रव्यांची गडद सावली होती. २००४ पासून शिक्षेची तरतूद असलेली चाचणी सुरू झाली, पुढे ती कडक होत गेली आणि वयाचा आलेख पुन्हा आपल्या जुन्या वळणावर आला. पण बाजारातले भाव लगेच खाली आले नाहीत. त्यातच पिचरच्या चेंडूंचा सरासरी वेग वर्षागणिक वाढत राहिला. म्हणजे फलंदाज मंदावत होता आणि चेंडू वेगवान होत होता.

पुहोल्सची दहा वर्षे

या विषयातले सर्वांत चर्चित उदाहरण अल्बर्ट पुहोल्स याचे. डॉमिनिकन रिपब्लिकमध्ये १९८० साली जन्मलेला हा फलंदाज २००१ ते २०११ अशी अकरा वर्षे सेंट लुईस कार्डिनल्सकडून खेळला. या काळात त्याने ४४५ होमरन मारले, ०.३२८ ची सरासरी, म्हणजे दर हजार प्रयत्नांत ३२८ यशस्वी फटके (हिट), राखली, तीनदा नॅशनल लीगचा सर्वोत्तम खेळाडू ठरला आणि वर्ल्ड सिरीज ही मेजर लीगची अंतिम मालिका दोनदा जिंकली. २००३ मध्ये, कारकिर्दीच्या तिसऱ्याच वर्षी, त्याने ०.३५९ च्या सरासरीने ४३ होमरन मारले. त्या वर्षी त्याचा पगार दहा लाख डॉलरलाही पोहोचला नव्हता.

डिसेंबर २०११ मध्ये लॉस एंजेलिस एंजेल्सने त्याला दहा वर्षांसाठी २४ कोटी डॉलर देऊ केले. त्या वेळी तो बत्तिशीला टेकला होता. रकमेची मांडणी चढत्या क्रमाने होती: पहिल्या वर्षी १ कोटी २० लाख, पाचव्या वर्षी अडीच कोटी आणि दहाव्या, म्हणजे २०२१ च्या हंगामासाठी, ३ कोटी डॉलर. ३,००० हिट पूर्ण झाल्यास ३० लाख आणि ७६३ वा होमरन मारून बाँड्सचा कारकिर्दीतील होमरनचा विक्रम मोडल्यास ७० लाख डॉलर वेगळे मिळणार होते. चाळिशी गाठलेला खेळाडू विक्रमाच्या उंबरठ्यावर असेल, असे करार करताना गृहीत धरले होते.

पहिल्या हंगामात त्याने ३० होमरन मारले. दुसऱ्यात तळपायाच्या दुखण्याने तो ९९ सामन्यांतच खेळू शकला. २०१५ मध्ये ४० होमरनचा एक झगमगता हंगाम आला, पण त्यानंतर उतार थांबला नाही. २०१७ चा हंगाम जवळून पाहण्यासारखा आहे. त्या वर्षी त्याच्या नावावर १०१ धावा वसूल केल्याची नोंद आहे; वरवर पाहता हा आकडा मोठ्या फलंदाजाला शोभणारा. पण त्याच्या आधीचे फलंदाज बेसवर उभे असल्याने त्याला संधीच भरपूर मिळत होत्या. सरासरी ०.२४१ होती, पाय जड झाले होते आणि जमिनीलगत मारलेल्या एका फटक्यावर दोघे बाद होण्याचे प्रसंग वारंवार येत होते. अशा दुहेरी बादीचा सार्वकालिक विक्रम आज पुहोल्सच्या नावावर आहे. सगळी बेरीज-वजाबाकी केल्यावर त्या हंगामात त्याचे मूल्य उणे भरले. किमान वेतनावरचा एखादा राखीव खेळाडू त्याच्या जागी असता तर संघाचा फायदा झाला असता, असा त्याचा अर्थ. त्या वर्षीचा पगार होता २ कोटी ६० लाख डॉलर.

६ मे २०२१ रोजी, कराराचे शेवटचे वर्ष चालू असताना, एंजेल्सने त्याला संघातून काढले. तेव्हा त्याची सरासरी ०.१९८ होती. एंजेल्सकडे त्याने २२२ होमरन मारले, पण सरासरी ०.२५६ वर आली. दहा वर्षांत संघ बाद फेरीत एकदाच, २०१४ मध्ये, पोहोचला आणि तिथेही एकही सामना जिंकू शकला नाही. याच काळात संघात माइक ट्राउट हा त्या पिढीतला सर्वोत्तम फलंदाज होता आणि २०१८ पासून शोहेई ओहतानीही. मोठी रक्कम एका जागी अडकल्याने त्यांच्याभोवती पुरेसा भक्कम संघ, विशेषतः पिचरांचा ताफा, उभा राहिला नाही.

कार्डिनल्सची बाजूही पाहण्यासारखी आहे. तेव्हाच्या नियमानुसार पुहोल्स गेल्याच्या बदल्यात नवोदित खेळाडूंच्या वार्षिक निवडीतला एंजेल्सचा पहिल्या फेरीचा हक्क त्यांना मिळाला. त्यातून २०१२ मध्ये त्यांनी मायकल वाका हा तरुण पिचर घेतला. पुढच्याच वर्षी तो नॅशनल लीगच्या अंतिम मालिकेचा सर्वोत्तम खेळाडू ठरला आणि कार्डिनल्स वर्ल्ड सिरीजमध्ये पोहोचले.

प्रत्येक फसगत वेगळी

सगळे करार एकाच कारणाने फसत नाहीत. फिलाडेल्फिया फिलीजची चूक घाईची होती. रायन हॉवर्डने २००६ ते २००९ या चार हंगामांत १९८ होमरन मारले होते. एप्रिल २०१० मध्ये, जुना करार संपायला जवळजवळ दोन हंगाम बाकी असताना, संघाने त्याला २०१२ पासूनच्या पाच वर्षांसाठी साडेबारा कोटी डॉलर कबूल केले. ऑक्टोबर २०११ मध्ये बाद फेरीच्या निर्णायक सामन्यातील शेवटचा फटका मारून धावताना त्याच्या टाचेमागचा स्नायुबंध तुटला आणि तो तिथेच कोसळला. नवा करार तेव्हा सुरूही झाला नव्हता. त्या पाच वर्षांत त्याने मिळून ९६ होमरन मारले. संघ दोन वर्षे थांबला असता, तर हा करार याच आकड्यावर झालाच नसता.

डेट्रॉइट टायगर्सने मिगेल काब्रेराच्या बाबतीत तेच केले. २०१२ मध्ये त्याने सरासरी, होमरन आणि धावा वसुली या तिन्ही यादींत पहिला क्रमांक मिळवला होता. असा पराक्रम १९६७ नंतर प्रथमच झाला होता. मार्च २०१४ मध्ये, दोन वर्षांचा करार शिल्लक असतानाच, त्याला २०१६ ते २०२३ या काळासाठी आणखी २४ कोटी ८० लाख डॉलर देण्याचे ठरले. २०१६ मध्ये त्याने ३८ होमरन मारले. पुढच्या सात वर्षांत मिळून ६५. २०१८ मध्ये दंडाचा स्नायुबंध तुटल्याने हंगाम अर्ध्यावर सुटला. त्याने ५०० होमरन आणि ३,००० हिट हे दोन्ही टप्पे गाठले आणि शहराने त्याचे कौतुकही केले; पण या करारातल्या एकाही हंगामात टायगर्स बाद फेरीत पोहोचले नाहीत.

बॉल्टिमोर ओरिओल्सच्या ख्रिस डेव्हिसची घसरण तर अचानक झाली. २०१३ मध्ये ५३ आणि २०१५ मध्ये ४७ होमरन मारल्यावर जानेवारी २०१६ मध्ये त्याला सात वर्षांसाठी १६ कोटी १० लाख डॉलर मिळाले. तो तेव्हा तिशीचाही नव्हता. तिसऱ्याच हंगामात सरासरी ०.१६८ वर घसरली. सप्टेंबर २०१८ ते एप्रिल २०१९ या काळात सलग ५४ प्रयत्नांत त्याला एकही हिट मिळाला नाही. पिचर वगळता कोणाही फलंदाजासाठी हा नकोसा विक्रम आहे. ऑगस्ट २०२१ मध्ये तो निवृत्त झाला. करार करतानाच त्यातील ४ कोटी २० लाख डॉलर पुढे ढकलले होते आणि त्यांचे हप्ते २०३७ पर्यंत ठरले होते.

प्रिन्स फिल्डरचे प्रकरण शरीराच्या बेभरवशीपणाचे. जानेवारी २०१२ मध्ये टायगर्सने त्याला नऊ वर्षांसाठी २१ कोटी ४० लाख डॉलर दिले तेव्हा तो अवघा २७ वर्षांचा होता आणि सहसा एकही सामना चुकवत नसे. दोन वर्षांत त्याला टेक्सास रेंजर्सकडे धाडताना टायगर्सने सोबत ३ कोटी डॉलरही मोजले. पुढे मानेच्या मणक्यावर दोन शस्त्रक्रिया झाल्या आणि ऑगस्ट २०१६ मध्ये, ३२ व्या वर्षी, त्याची कारकीर्द संपली. उरलेल्या चार वर्षांचे ९ कोटी ६० लाख डॉलर दोन्ही संघ आणि विमा कंपनी यांच्यात विभागले गेले. विमा इथे उपयोगी पडला, कारण डॉक्टरांनीच खेळण्यास मनाई केली होती. निव्वळ खेळ खालावला तर विमा मिळत नाही. डेव्हिससारख्या खेळाडूच्या शून्यावर विमा कंपनी काही देत नाही.

अ‍ॅलेक्स रॉड्रिगेझने २००७ मध्ये न्यूयॉर्क यँकीजशी दहा वर्षांचा, साडेसत्तावीस कोटी डॉलरचा करार केला. वयाच्या बत्तिसाव्या वर्षापासून बेचाळिसाव्या वर्षापर्यंत. होमरनच्या प्रत्येक ऐतिहासिक टप्प्याला ६० लाख डॉलरचे बक्षीसही ठरले. उत्तेजकांच्या प्रकरणात त्याला २०१४ चा संपूर्ण हंगाम बाहेर बसावे लागले. २०१५ मध्ये त्याने ६६० वा होमरन मारला, तेव्हा ठरलेले बक्षीस द्यायला संघ तयार होईना. अखेर ३५ लाख डॉलर धर्मादाय संस्थांना देऊन वाद मिटला. ऑगस्ट २०१६ मध्ये त्याला मोकळे केले, तरी २०१७ चा पगार चुकला नाही.

तरीही करार का होतात

संघांच्या कचेऱ्यांत आज गणितज्ञ आणि सांख्यिकी तज्ज्ञ बसतात. खेळाडू म्हातारा होणार हे त्यांना न कळण्यासारखे नाही. तरीही करार होतात, यामागे एक सरळ हिशेब आहे. खेळाडूचे मूल्य मोजताना, त्याच्या जागी सहज मिळणारा राखीव खेळाडू असता तर त्यापेक्षा संघाने किती सामने जास्त जिंकले, हे पाहतात. समजा, ३१ वर्षांचा स्लगर वर्षाला पाच जादा विजय मिळवून देतो आणि तिशीनंतर दरवर्षी हे प्रमाण अर्ध्या विजयाने घटते. दहा वर्षांची बेरीज साडेसत्तावीस विजय होते. एका जादा विजयाची बाजारातली किंमत ८० लाख डॉलर धरली तर एकूण मूल्य २२ कोटी डॉलर येते.

आता हे २२ कोटी दहा समान हप्त्यांत वाटले तर वर्षाला २ कोटी २० लाख पडतात. पहिल्या पाच वर्षांत संघ ११ कोटी देतो आणि १६ कोटींचा खेळ मिळवतो. पुढच्या पाच वर्षांत ११ कोटी देतो आणि ६ कोटींचाच खेळ पदरात पडतो. म्हणजे उत्तरार्धातला तोटा आधीच ठरलेला असतो. पूर्वार्धात मिळालेल्या खेळाची ती उशिरा फेडलेली किंमत असते. दहाव्या वर्षी स्लगरचा खेळ दिसेनासा झाला, एवढ्यावरून करार फसला असे म्हणता येत नाही. पण हाच खेळाडू पाचऐवजी चार जादा विजयांवर सुरू झाला, तर बेरीज अठरावर येते, शेवटची दोन वर्षे हिशेबातूनच जातात आणि साडेसात कोटींहून अधिक डॉलर बुडतात. सुरुवातीच्या अंदाजातली एका विजयाची चूक दहा वर्षांत एवढी फुगते. खरा धोका इथे आहे. पुहोल्सचा उतार एंजेल्सने धरला होताच. तो पहिल्याच वर्षापासून आणि अपेक्षेपेक्षा खूप वेगाने सुरू होईल, हे धरले नव्हते.

लिलावाचा स्वभावही या चुकीला हातभार लावतो. एकाच खेळाडूकडे पाच संघ पाहत असतील तर खेळाडू त्या संघाकडे जातो ज्याचा अंदाज सर्वांत आशावादी असतो, आणि सर्वांत आशावादी अंदाज बहुधा सर्वांत चुकीचाही असतो.

लीगच्या करपद्धतीने करार आणखी लांबतात. मेजर लीगमध्ये संघाच्या एकूण पगारावर कमाल मर्यादा नाही, पण ठरावीक रकमेपुढे कर लागतो. २०२५ मध्ये ही रेषा २४ कोटी १० लाख डॉलर होती. ती प्रथमच ओलांडणाऱ्या संघाला वरच्या रकमेवर २० टक्के, सलग दुसऱ्या वर्षी ३० टक्के आणि तिसऱ्या वर्षापासून ५० टक्के कर बसतो. रक्कम फारच पुढे गेली तर त्यावर अधिभारही. कर मोजताना कराराची वार्षिक सरासरी धरतात. त्यामुळे तीच रक्कम आठऐवजी अकरा वर्षांत पसरली की दरवर्षीचा आकडा लहान दिसतो. जादा वर्षांत खेळाडूकडून फारशी अपेक्षा नसते. ती वर्षे केवळ सरासरी खाली आणण्यासाठी असतात. खेळाडूला एकूण रक्कम मोठी मिळते, संघाला आजचा कर वाचतो आणि बोजा पुढच्या व्यवस्थापनावर पडतो. जनरल मॅनेजरची नोकरी बहुधा कराराएवढी टिकत नाही, हेही विसरून चालत नाही.

पैशापलीकडची किंमत

बुडालेल्या पैशाइतकाच त्रास अडकलेल्या जागेचा होतो. संघात २६ जागा असतात. वर्षाला अडीच-तीन कोटी घेणारा खेळाडू बाकावर बसवला तर मालक प्रश्न विचारतात आणि पत्रकार बातम्या करतात. म्हणून तो फलंदाजीच्या क्रमात वरच राहतो. पैसे तर गेलेलेच असतात, पण ते वसूल करण्याच्या नादात सामनेही जातात. फक्त फलंदाजी करणाऱ्याची जागा त्याने अडवली की थकलेल्या इतर खेळाडूंना तिथे आलटून-पालटून विश्रांती देण्याची सोय जाते आणि एखादा तरुण फलंदाज दुय्यम लीगमध्येच अडकून पडतो.

सुटकेच्या वाटा महाग आहेत. दुसऱ्या संघाला खेळाडू द्यायचा तर उरलेल्या पगाराचा मोठा भाग आपणच भरावा लागतो. अनेक करारांत बदलीला नकार देण्याचा हक्क खेळाडूला असतो; शिवाय दहा वर्षे सेवा आणि त्यातील शेवटची सलग पाच वर्षे एकाच संघात झाली की हा हक्क आपोआप मिळतो. सरळ काढून टाकले तर दुसरा संघ त्याला किमान वेतनात घेतो आणि बाकीचा पगार जुना संघ भरत राहतो. २०२१ मध्ये पुहोल्स लॉस एंजेलिस डॉजर्सकडून खेळला तेव्हा त्याचा जवळजवळ सगळा पगार एंजेल्सच्या तिजोरीतून जात होता.

छोटे करार, मोठे फटके

वयस्क स्लगर नेहमीच वाया जातो असे नाही. बॉस्टन रेड सॉक्सने डेव्हिड ऑर्टिझला कारकिर्दीच्या उत्तरार्धात एक-दोन वर्षांच्या करारांवर ठेवले. २०१६ मध्ये, वयाच्या चाळिसाव्या वर्षी, त्याने ०.३१५ च्या सरासरीने ३८ होमरन मारले आणि मानाने निवृत्त झाला. उतार सुरू झाला असता तर संघाला वर्षाअखेरीस थांबता आले असते.

नेल्सन क्रूझ आणि पुहोल्स यांची तुलना तर अधिकच बोलकी आहे; दोघांचा जन्म १९८० चा. २०१३ मध्ये उत्तेजकांबद्दल ५० सामन्यांची बंदी भोगल्याने क्रूझचा बाजारभाव घसरला होता. २०१४ मध्ये तो ओरिओल्सकडून ८० लाख डॉलरवर एक वर्ष खेळला आणि ४० होमरन मारून लीगमध्ये पहिला आला. मग सिएटल मरिनर्सने त्याला चार वर्षांसाठी ५ कोटी ७० लाख डॉलर दिले. २०१५ ते २०१८ या चार वर्षांत त्याने १६३ होमरन मारले. त्याच चार वर्षांत पुहोल्सने ११३ मारले आणि त्याला मिळाले १० कोटी २० लाख डॉलर. कोणता स्लगर पस्तिशीनंतर टिकेल हे आधी सांगता येत नाही. छोट्या कराराला ते सांगावेही लागत नाही.

खुद्द पुहोल्सचा शेवटही हेच दाखवतो. २०२२ मध्ये कार्डिनल्सने त्याला एका वर्षासाठी २५ लाख डॉलरवर परत घेतले आणि प्रामुख्याने डावखुऱ्या पिचरविरुद्ध वापरले. त्याने २४ होमरन मारले, ७०० चा टप्पा ओलांडला आणि ७०३ वर थांबला. बेचाळिशीतला तोच फलंदाज मर्यादित कामासाठी, मोजक्या पैशात उपयोगी ठरला.

बाजाराने घेतलेला धडा

पुहोल्स, काब्रेरा आणि डेव्हिस यांच्या करारांनंतर संघांचे वागणे बदलले. विक्रमी रकमा आता प्रामुख्याने कमी वयाच्या खेळाडूंकडे जातात. ब्राइस हार्परने २०१९ मध्ये फिलीजशी १३ वर्षांचा ३३ कोटी डॉलरचा करार केला तेव्हा तो २६ वर्षांचा होता. हुआन सोटोनेही २६ व्या वर्षीच, डिसेंबर २०२४ मध्ये, न्यूयॉर्क मेट्सशी १५ वर्षांचा, साडेशहात्तर कोटी डॉलरचा करार केला. टोरंटो ब्लू जेजने व्लादिमिर गरेरो ज्युनियरला १४ वर्षांसाठी ५० कोटी दिले तेही २६ व्या वर्षीच. या करारांची शेवटची वर्षेही चाळिशीच्या आसपास जातात. पण संघाला आधी भराची सहा-सात वर्षे मिळतात, बत्तिशीत सुरू होणाऱ्या करारात ती मिळत नाहीत.

तिशीतल्या स्लगरच्या बाबतीत मात्र हात आखडता घेतला जातो. तेव्हा मेट्सकडून खेळणारा पीट अलोन्सो दरवर्षी होमरनच्या यादीत वरच्या क्रमांकावर असूनही, २०२५ च्या सुरुवातीला त्याला दोन वर्षांच्या ५ कोटी ४० लाख डॉलरच्या करारावर समाधान मानावे लागले. एका वर्षानंतर बाहेर पडण्याची मुभा तेवढी मिळाली. वर्षे कमी आणि वार्षिक रक्कम मोठी, असा हा सौदा. खेळाडू चांगला खेळला तर पुन्हा बाजारात जातो, न खेळला तरी संघाचे नुकसान दोन हंगामांपुरतेच राहते.

अपवाद अजूनही होतात. २०२२ मध्ये ६२ होमरन मारून अमेरिकन लीगचा विक्रम करणाऱ्या ॲरन जजला यँकीजने ३० व्या वर्षी नऊ वर्षांसाठी ३६ कोटी डॉलर दिले. २०२४ आणि २०२५ या दोन्ही वर्षी तो लीगचा सर्वोत्तम खेळाडू ठरला. त्याचा करार २०३१ पर्यंत, म्हणजे ३९ व्या वर्षापर्यंत आहे. शेवटच्या वर्षांत तो मंदावला तरी यँकीजचा हिशेब आधीच बराचसा जमेच्या बाजूला गेलेला असेल.

वयस्क स्लगरचा करार जोखायचा तर काही गोष्टी पाहाव्या लागतात: पहिल्या तीन-चार वर्षांत संघ खरोखर जिंकण्याच्या स्थितीत आहे का, ताकद गेल्यावर खेळाडूकडे दुसरे काही उरते का, आणि करार वेळेवर होतो आहे की जुना संपण्याआधीच घाईने. या तिन्हींची उत्तरे अनुकूल असतील तर दहाव्या वर्षीचा भार संघाला पेलतो. तशी ती नसतील, तर पहिल्या दोन-तीन हंगामांतच करार डोईजड होतो आणि उरलेली वर्षे फक्त हप्ते फेडण्यात जातात.